मलेशियात २००८ ची निवडणूक बारिसान नॅसिओनाल या सत्ताधारी आघाडीने जिंकली, तरी तिला धक्का का म्हणतात?

जिंकली खरी, पण हातचं दोन तृतीयांश बहुमत गेलं, तेही १९६९ नंतर पहिल्यांदाच. घटना बदलायला २२२ पैकी १४८ जागा लागतात, मिळाल्या १४०. चार वर्षांपूर्वी याच आघाडीकडे २१९ पैकी १९८ होत्या! केलांतान विरोधकांकडे होतंच. त्यात पेनांग, सेलांगोर, पेराक आणि केदाह ही राज्यंही गेली.

महागाई, भ्रष्टाचार ही कारणं होतीच. पण माझ्या मते भारतीय वंशाच्या लोकांची नाराजी फार मोलाची ठरली. मंदिरं पाडली जात होती, नोकरी-शिक्षणात डावललं जात असल्याची सल होती. नोव्हेंबर २००७ मध्ये हिंड्राफ या हिंदू हक्क संघटनेच्या हाकेवर हजारो लोक क्वालालंपूरच्या रस्त्यावर उतरले, तर त्यांच्यावर अश्रुधूर सोडला, पाण्याचे फवारे मारले. हे लोक विसरले नाहीत. मार्चमधल्या या निवडणुकीत बारिसानमधल्या एमआयसी (मलेशियन इंडियन काँग्रेस) या पक्षाचे सामी वेलू, १९७४ पासूनचे खासदार, सुंगाई सिपुतमध्ये पडले.

आणखी एक: बोटाला शाई लावायचं ठरलेलं असताना आयोगाने मतदानाच्या चार दिवस आधी ते रद्द केलं. त्यामुळे संशय वाढलाच. केंद्रातली सत्ता मात्र २०१८ मध्ये गेली.