त्वचेचे प्रश्न : फोन म्हणतो एक्झिमा, शेजारीण म्हणते दादर

प्रश्न : माझं वय ६३. नवरात्रीनंतर कमरेवर, परकराची नाडी बसते तिथे, गोल चट्टा उठला. खाज फार. औषधांच्या दुकानातून मलम आणलं. लावलं की दबतं, सोडलं की दुप्पट होतं. आता सुनेच्या मांडीवरही तसंच आलंय. नातवाने फोनमधल्या अ‍ॅपवर फोटो टाकला, तर ‘एक्झिमा, ७८ टक्के’ असं उत्तर आलं. आमची गुजराती शेजारीण म्हणते, ही दादर आहे. कोणाचं खरं मानू?
— एक वाचक, दांडिया बाजार, बडोदा

उत्तर : काकू, शेजारणीचं. दादर म्हणजे आपलं गजकर्ण, बुरशीने होणारं. एक्झिमा म्हणजे इसब. नक्की निदान तपासल्याशिवाय होणार नाही, पण तुमच्या पत्रात गजकर्णाच्या तीन खुणा आहेत आणि फोटोत त्यातली एकही दिसत नाही. घाम साचून ओली राहणारी नाडीची जागा, घरातल्या दुसऱ्या माणसाला झालेली लागण, आणि मलम सोडताच उसळणारा चट्टा. नातवाने फोनला फक्त कातडी दाखवली. सुनेची मांडी आणि मलमाची ट्यूब त्याला कोणी दाखवलीच नाही.

ती ट्यूब आता चष्मा लावून वाचा. क्लोबेटासोल, बीटामेथासोन किंवा मोमेटासोन असं काही लिहिलेलं असेल तर ते स्टेरॉइड आहे. त्याने लाली आणि खाज दबते, बुरशी मात्र आत निवांत वाढते. गजकर्णाचा काठ एरवी उठलेला, खवलेदार असतो आणि मधला भाग साफ. स्टेरॉइड लावलं की तो काठच पुसला जातो आणि चट्टा एक्झिमासारखा दिसू लागतो. अशा बदललेल्या चट्ट्याचा फोटो बघून माणूसही फसू शकतो. २०१८ मध्ये सरकारने अशी स्टेरॉइड मलमं चिठ्ठीशिवाय विकायला बंदी केली. तरी माझ्याकडे येणाऱ्यांच्या पिशवीतून तीच ट्यूब निघते, आणि दर वेळी मला संताप येतो.

आता त्या ७८ टक्क्यांबद्दल. १०० पैकी ७८ बायकांना अशा वेळी एक्झिमाच निघतो, असा त्याचा अर्थ नाही. यंत्राला जेवढ्या रोगांची नावं शिकवलेली असतात, तेवढ्यांतच ते आपले १०० टक्के वाटून टाकतं. गजकर्ण त्याच्या यादीत नसेल तर ते नाव त्यातून कधीच निघणार नाही. जे त्यातल्या त्यात जवळचं वाटेल ते निघेल.

यंत्राला काही येत नाही असं मात्र मी म्हणणार नाही. २०१७ मध्ये स्टॅनफर्डच्या संशोधकांनी १,२९,४५० फोटोंवर एक प्रोग्राम शिकवला आणि ‘नेचर’मध्ये छापलं की, त्वचेच्या कर्करोगाची गाठ आणि निरुपद्रवी डाग यांतला फरक तो २१ त्वचारोगतज्ज्ञांच्या बरोबरीने ओळखतो. मला ते काम मनापासून मोलाचं वाटतं. पण प्रश्न तेवढाच होता. आपल्याकडे दवाखान्यात गर्दी असते ती गजकर्ण, खरूज, वांग आणि कोडाची. शिवाय गोऱ्या कातडीवर जी लाली गुलाबी दिसते, ती आपल्या रंगावर तपकिरी किंवा जांभळट दिसते. २०२२ मध्ये स्टॅनफर्डमधूनच ६५६ फोटोंचा एक संच आला, प्रत्येक फोटोमागे तुकडा काढून केलेली तपासणी. त्यावर नावाजलेले प्रोग्राम तपासले, तेव्हा सावळ्या-काळ्या कातडीवर ते जास्त चुकले.

तेव्हा काकू, सयाजी रुग्णालयाच्या त्वचा विभागात किंवा जवळच्या त्वचारोगतज्ज्ञाकडे जा. सुनेला आणि ट्यूबला बरोबर घ्या. चट्ट्याच्या काठावरची खवली खरवडून काचेवर घेतात, पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली बुरशीचे फाटे फुटलेले धागे शोधतात. तपासणी स्वस्त आहे, दुखत नाही. मलम बंद केल्यावर थोडे दिवस लाली आणि खाज वाढेल. घाबरून ते पुन्हा लावू नका. साखर तपासून घ्या. टॉवेल वेगळे ठेवा, परकर उन्हात कडकडीत वाळवा. आणि मनाने टर्बिनाफिनच्या गोळ्या आणू नका. देशभर पसरलेली ट्रायकोफायटन इंडोटिनी ही बुरशी त्या औषधाला पुष्कळदा दाद देत नाही. कोणतं औषध आणि किती आठवडे, हे डॉक्टरांनाच ठरवू दे.

प्रश्न : मी इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. प्रोजेक्टसाठी ‘हॅम १००००’ या फोटोसंचावर मॉडेल बनवलं, अचूकता ९१ टक्के आली. आता फोनवरचं अ‍ॅप करून आसपासच्या गावांत द्यायचा विचार आहे. सल्ला द्याल का?
— एक विद्यार्थी, फतेहगंज, बडोदा

उत्तर : गावांचा विचार केलास याचा फार आनंद झाला. पण हे मॉडेल गावात देऊ नकोस.

तुझ्या संचात १०,०१५ फोटो आहेत, त्यातले ६,७०५ साध्या तिळांचे. डोळे मिटून प्रत्येक फोटोला ‘तीळ’ म्हटलं तरी ६७ टक्के मिळतात. म्हणून एकूण अचूकता बाजूला ठेव आणि मेलानोमा या त्वचेच्या कर्करोगाच्या १,११३ फोटोंपैकी तपासणीला ठेवलेल्यांतले किती सुटले ते मोज. दुसरं, फोटो १०,०१५ असले तरी डाग ७,४७० च आहेत. एकाच डागाचे अनेक फोटो आहेत. एक शिकवताना आणि दुसरा परीक्षेला आला असेल, तर तुझे ९१ फुगलेले आहेत. वाटणी डागाच्या क्रमांकानुसार कर आणि पुन्हा मोज. शिवाय हे फोटो व्हिएन्ना आणि क्वीन्सलँडचे, डर्माटोस्कोप या त्वचेवर टेकवायच्या भिंगाने काढलेले. सात गट आहेत, पण त्यात गजकर्ण नाही, खरूज नाही, कोड नाही, कुष्ठरोग नाही. जवळच्या पादरा गावातल्या शेतमजुराला तुझं अ‍ॅप काय सांगणार?

मॉडेल नेमकं काय बघतं तेही तपास. २०१९ मध्ये जर्मनीतल्या हायडेलबर्गच्या डॉक्टरांनी दाखवलं, की निरुपद्रवी तिळाभोवती शस्त्रक्रियेच्या जांभळ्या पेनाची खूण असली की यंत्र त्याला मेलानोमा म्हणू लागतं.

खरं काम करायचं असेल तर गजकर्णच घे. एखाद्या त्वचा विभागाशी बोल, नैतिकता समितीची परवानगी काढ, रुग्णाची लेखी संमती घे, साध्या फोनने फोटो काढ आणि प्रत्येक फोटोसमोर खरवड-तपासणीचा निकाल लिही. मलम लावलेले आणि न लावलेले चट्टे वेगळे नोंदव. असे काही शे फोटो मिळाले तरी ते तुझ्या हातातल्या दहा हजारांपेक्षा आपल्या माणसांच्या जास्त उपयोगाचे.

आणि अ‍ॅपला प्रश्न विचारायला शिकव. काय लावलं? घरात कोणाला खाज आहे? चट्टा फिकट असेल तर डोळे मिटायला सांगून त्यावर कापसाची वात फिरवायला लाव. स्पर्श कळला नाही, तर टक्केवारी दाखवू नकोस. थेट सरकारी दवाखान्यात पाठव. तो कुष्ठरोग असू शकतो. त्याचं औषध तिथे फुकट मिळतं, आणि नसा दुखावण्याआधी सुरू केलं तर हातपाय शाबूत राहतात.