वाचकांचे प्रश्न : इंजिनाचा आकार, गाडीचा वेग आणि ॲव्हरेज

या वेळी रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग जिल्ह्यांतून आलेल्या बहुतेक पत्रांचा रोख एकाच गोष्टीवर आहे : गाडी पेट्रोल किती खाणार हे तिच्या इंजिनाच्या आकारावर ठरते, की ती किती वेगाने चालवली जाते यावर? प्रश्न विचारणाऱ्यांचे रस्ते वेगळे आहेत, त्यामुळे उत्तरेही एकसारखी नाहीत.

प्रश्न (कणकवली) : माझी गाडी १२०० सीसीची पेट्रोल हॅचबॅक आहे. महामार्ग दुपदरी होता तेव्हा मुंबईला जाता-येता ती लिटरला १९ किलोमीटर देत असे. आता चारपदरी झालेल्या टप्प्यांत मी १०० ते ११० च्या वेगाने जातो, तर ॲव्हरेज १५ वर आले आहे. गॅरेजमध्ये दाखवले, पण दोष सापडला नाही. मोकळ्या रस्त्यावर ॲव्हरेज उलट वाढायला हवे ना?

उत्तर : आपल्या पत्रातील आकडे पाहता गाडीत दोष असण्याचे कारण दिसत नाही, हा फरक वेगाने पडलेला आहे. सपाट रस्त्यावर एकाच वेगाने जाणाऱ्या मोटारीला मुख्यतः दोन गोष्टी मागे ओढतात. एक म्हणजे रस्त्यावर सतत दबणाऱ्या टायरांचा विरोध, जो वेग वाढला तरी फारसा बदलत नाही, आणि दुसरी म्हणजे समोरच्या हवेचा विरोध, जो वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. माणसांसह १२०० किलो भरणारी आपल्यासारखी लहान गाडी घेतली, तर टायरांचा विरोध साधारण १४० न्यूटन (न्यूटन हे बल मोजण्याचे एकक) असतो. हवेचा विरोध मात्र ताशी ६० ला सुमारे ११०, ८० ला २०० आणि १०० ला ३१० न्यूटन भरतो. म्हणजे ८० वरून १०० वर गेल्याने प्रत्येक किलोमीटरला करावे लागणारे एकूण काम सुमारे एक तृतीयांशाने वाढते. पेट्रोल अगदी त्याच प्रमाणात वाढत नाही, कारण थोडा जास्त भार पडला की इंजिन अधिक काटकसरीने चालते. तरीही वाढ चांगलीच जाणवते. आपल्या बाबतीत दर १०० किलोमीटरला सुमारे ५.३ लिटरऐवजी ६.७ लिटर पेट्रोल जाते आहे, आणि ८० ऐवजी १०५ च्या वेगाने ते अंतर कापल्याने साधारण १८ मिनिटे वाचतात. ती मिनिटे दीड लिटर पेट्रोलाच्या तोलाची आहेत की नाहीत, हे अर्थात प्रत्येकाने आपल्या निकडीप्रमाणे ठरवायचे.

मोकळा रस्ता पेट्रोल वाचवतो हा आपला समज निराधार नाही. जुन्या रस्त्यावर एसटीच्या किंवा ट्रकच्या मागे ब्रेक लावावा लागे आणि ब्रेक लावताना गाडीची गती उष्णता होऊन वाया जाई. ताशी ८० वरून एकदा पूर्ण थांबलो, तर तो वेग पुन्हा मिळवायला या वजनाच्या गाडीला ३५ ते ४० मिलिलिटर पेट्रोल जास्तीचे लागते. मोकळ्या रस्त्याने ही उधळण थांबते, पण तिथे वेगही वाढवला की वाचलेले पेट्रोल हवा कापण्यात जाते. जिथे काम अजून अपुरे आहे आणि ११० वरून एकदम डायव्हर्जनच्या कच्च्या रस्त्यावर ३० ला यावे लागते, तिथे तर दोन्हीकडून नुकसान होते, कारण १०० च्या वेगावरून वाया जाणारी ऊर्जा ८० च्या मानाने दीडपटीहून अधिक असते. पुढचे बांधकाम लांबूनच दिसते तेव्हा ॲक्सिलरेटरवरचा पाय वेळीच उचलणे, एवढ्याने या नुकसानीचा मोठा भाग टळतो.

अमेरिकेने १९७३ च्या तेलसंकटानंतर १९७४ मध्ये सर्व महामार्गांना ताशी ५५ मैल, म्हणजे सुमारे ८८ किलोमीटर, ही कमाल वेगमर्यादा लावली, ती इंधन वाचवण्यासाठीच; देशव्यापी मर्यादेचा कायदा पुढे १९९५ मध्ये रद्द झाला. आपल्याकडे पेट्रोलियम कन्झर्व्हेशन रिसर्च असोसिएशन ही संस्था ४५ ते ५५ किलोमीटर वेगाचा सल्ला देते. चारपदरी रस्त्यावर हा वेग गैरसोयीचा आणि मागच्या वाहनांच्या दृष्टीने अडचणीचा ठरू शकतो, म्हणून माझ्या मते ७५ ते ८५ हा टप्पा आपल्यासाठी व्यवहार्य आहे.

आंब्याच्या दिवसांत टपावर कॅरिअर बसवून हापूसच्या पेट्या नेता, असेही आपण लिहिले आहे. त्या पेट्यांच्या वजनापेक्षा त्या जी हवा अडवतात तिचा भुर्दंड अधिक असतो आणि वेग वाढेल तसा तो वाढत जातो. पेट्या शक्यतो डिकीत आणि मागच्या सीटवर ठेवाव्यात, आणि हंगाम संपला की रिकामे कॅरिअर उतरवून ठेवावे. रिकामे असले तरी ते हवा अडवतेच.

प्रश्न (चिपळूण) : आम्ही नवी पेट्रोल गाडी घेत आहोत. घरात चार माणसे, आठवड्यातून एकदा कुंभार्ली घाटातून कराडला जाणे असते. एक जण सांगतो की लहान इंजिन घाटात धापा टाकते आणि मोठ्यापेक्षा जास्त पेट्रोल पिते. दुसरा सांगतो की जितके सीसी जास्त तितका खर्च जास्त. १०००, १२०० आणि १५०० सीसी यांत काय घ्यावे?

उत्तर : दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे, मात्र दोघांनीही ते ताणले आहे. आपल्या गाडीला सपाट रस्त्यावर ताशी ८० ने जाण्यासाठी चाकांपाशी जेमतेम १० अश्वशक्ती लागते, १०० ने जाण्यासाठी १७. बाजारातले साधे १२०० सीसीचे इंजिन ८० ते ९० अश्वशक्ती देऊ शकते. म्हणजे बहुतेक वेळ इंजिन आपल्या ताकदीच्या लहानशा भागावरच चालत असते, आणि मोठ्या इंजिनाचा खर्च नेमका इथे होतो. पेट्रोल इंजिनात कमी ताकद हवी असली की आत जाणाऱ्या हवेची वाट झडपेने अडवली जाते आणि पिस्टनांना त्या अडवलेल्या वाटेतून हवा ओढण्याचे कष्ट पडतात. शिवाय इंजिनाचे अंतर्गत घर्षण त्याच्या आकाराबरोबर वाढते, मग गाडीला ताकद लागो वा न लागो. लग्नघरच्या चुलीवर दोन कप चहा करण्यासारखाच हा प्रकार आहे. योग्य भार असताना चांगले पेट्रोल इंजिन इंधनातील ३५ टक्क्यांच्या आसपास ऊर्जा कामी लावते, पण अगदी हलक्या भारावर हेच प्रमाण २० टक्क्यांच्या खालीही उतरते.

आता घाटाचे. चढण चढायला लागणारी ऊर्जा गाडीच्या वजनावर आणि उंचीवर ठरते, सीसीवर नाही. माणसे आणि सामानासह १३०० किलोची गाडी दहा मीटरला एक मीटर अशा खड्या चढणीवर ताशी ४० ने चढवायला साधारण २२ अश्वशक्ती पुरते. १००० सीसीचे इंजिन खालच्या गिअरमध्ये एवढी ताकद सहज देते. त्याचा आवाज वाढतो, फेरे वाढतात आणि ऐकणाऱ्याला ते धापा टाकते आहे असे वाटते, परंतु भार चांगला असल्याने ते त्या वेळी इंधन काटकसरीनेच वापरत असते. परिस्थिती बदलते ती पाच माणसे, भरलेली डिकी, चालू एसी आणि तळापर्यंत दाबलेला ॲक्सिलरेटर एकत्र आल्यावर, कारण पूर्ण जोर मागितला की बरीच इंजिने मिश्रणात जादा पेट्रोल सोडतात. लहान टर्बो इंजिनांच्या, म्हणजे पंख्याने हवा दाबून आत भरणाऱ्या इंजिनांच्या, बाबतीत हे अधिक खरे आहे : शांतपणे चालवली तर ती लहान इंजिनासारखी वागतात आणि सतत जोर मागितला तर मोठ्या इंजिनाएवढे पितात.

१५०० सीसीचे इंजिन बहुधा अधिक उंच आणि जड गाडीत येते, त्यामुळे त्या गाडीच्या देहाचा दोषही इंजिनाच्या माथी मारला जातो. खरी तुलना करायची तर एकाच मॉडेलमधील दोन इंजिनांची करावी. मोठ्या इंजिनाला वरचा गिअर लांब दिलेला असेल, तर त्याच वेगाला त्याचे फेरे कमी पडतात आणि महामार्गावर दोघांतील फरक बराच कमी होतो. गावात आणि बाजारपेठेत मात्र तो ठळक राहतो. आपल्या गरजेला साधे १२०० सीसीचे इंजिन योग्य ठरेल, असे माझे मत आहे. घाटात एखादे वाहन सुरक्षितपणे मागे टाकण्यासाठी लागणारी राखीव ताकद त्यात आहे, आणि चार मीटरपर्यंत लांबीच्या पेट्रोल गाडीला लहान गाडीचा कमी कर १२०० सीसीपर्यंतच मिळतो, डिझेलला १५०० पर्यंत. बाजारात ११९७ आणि ११९९ सीसीची इंजिने दिसतात त्यामागे ही करमर्यादा आहे.

प्रश्न (गुहागर) : मी शिक्षिका आहे. शाळा घरापासून आठ किलोमीटरवर आहे. रस्ता वळणावळणाचा असल्याने ३० ते ४० च्या पुढे कधीच जात नाही, तरी १५०० सीसीची गाडी लिटरला १२ च्या वर देत नाही. कमी वेगाने पेट्रोल वाचते ना?

उत्तर : एका मर्यादेपर्यंतच वाचते. इंजिन नुसते चालू ठेवायलाच तासाला अर्धा ते एक लिटर पेट्रोल लागते. हा खर्च तासाप्रमाणे होतो, त्यामुळे आपण जितक्या हळू जाल तितका तो प्रत्येक किलोमीटरवर जास्त बसतो : तासाला ०.७ लिटर धरले, तर ६० च्या वेगाला दर १०० किलोमीटरमागे सुमारे १.२ लिटर आणि ३० च्या वेगाला २.३ लिटर. कणकवलीच्या वाचकांच्या खर्चात हवेचा वाटा मोठा आहे, आपल्या खर्चात तो नगण्य आहे आणि इंजिनाच्या आकाराचा वाटा मोठा. त्यातच आठ किलोमीटरमध्ये इंजिन नुकते कुठे तापते; थंड इंजिनाला जास्त पेट्रोल सोडावे लागते आणि तेलही घट्ट असते. त्यामुळे बाजार, पोस्ट आणि शाळा अशी कामे एकाच फेरीत उरकली तर फरक पडेल.

गिअरकडेही लक्ष द्यावे. सपाटीवर ४० ला दुसरा गिअर ठेवून चालवत असाल, तर इंजिनाला विनाकारण जास्त फेरे घ्यावे लागतात. इंजिन थरथरत नसेल तर वरचा गिअर टाकावा. आणि सुट्टीत दापोलीकडे जाताना धोपाव्याच्या जेटीवर फेरीबोटीची वाट पाहत एसीसाठी इंजिन चालू ठेवले, तर २० मिनिटांत सुमारे पाव ते एक तृतीयांश लिटर पेट्रोल जाते. फेरीबोटीमुळे खेड-चिपळूणचा वळसा वाचतो ही खरोखर मोठी बचत आहे, पण वाट पाहताना इंजिन बंद ठेवायला हवे.

प्रश्न (सावंतवाडी) : आंबोली घाट उतरताना गाडी न्यूट्रल करावी की इंजिनच बंद करावे?

उत्तर : कृपया दोन्ही करू नये. आपल्या गाडीत पेट्रोल इंजेक्शनने सोडले जाते. गिअर असताना ॲक्सिलरेटरवरून पाय काढला आणि इंजिनाचे फेरे पुरेसे असले, तर पेट्रोल पूर्ण बंद होते आणि चाकेच इंजिन फिरवतात. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू राहण्यासाठी पेट्रोल सोडावेच लागते, म्हणजे ज्या बचतीसाठी हा धोका पत्करायचा ती बचत उताराच्या रस्त्यावर होतच नाही. इंजिनाचा रोध गेल्यामुळे सगळा भार ब्रेकवर येतो आणि तापलेले ब्रेक लागेनासे होतात. इंजिन बंद केल्यास तर ब्रेकला मिळणारी मदत काही दाबांनंतर संपते आणि पॉवर स्टीअरिंगही जड होते. पावसाळ्यात, धुक्यात आणि ओल्या वळणांवर याचा परिणाम जीवघेणा होऊ शकतो. ज्या गिअरमध्ये घाट चढता, साधारण त्याच गिअरमध्ये उतरावे.

चढताना जाणाऱ्या पेट्रोलाचा हिशेबही आपण विचारला आहे. सावंतवाडीपासून आंबोलीपर्यंत गाडी सुमारे ६०० मीटर वर जाते. १३०० किलो वजन तेवढे उचलायला साधारण ७.६ मेगाज्यूल काम पडते आणि इंजिनाने पाव ऊर्जा कामी लावली असे धरले, तर त्यासाठी जवळपास एक लिटर पेट्रोल लागते. सपाट रस्त्याचा नेहमीचा खर्च त्याहून वेगळा. उतरताना यातले काही परत मिळते, पण ब्रेकमध्ये जाते ते परत येत नाही, म्हणून वळणापूर्वीच वेग कमी ठेवून उतरणे हिताचे.

प्रश्न (देवगड) : कंपनीने सांगितलेले ॲव्हरेज रस्त्यावर का मिळत नाही?

उत्तर : तो आकडा रस्त्यावर काढलेला नसतो. चाचणीत गाडी रोलरवर ठरावीक क्रमाने चालवली जाते आणि आपल्याकडील चाचणीक्रमात वेग ९० च्या वर जात नाही. त्यात घाट, खड्डे, पाऊस किंवा टपावरची पेटी नसते. दोन मॉडेलांची आपसात तुलना करण्यासाठी तो उपयोगी आहे. आपल्या गाडीचे खरे ॲव्हरेज हवे असेल, तर एकाच पंपावर नोझल आपोआप बंद होईपर्यंत टाकी भरावी, किलोमीटर लिहून ठेवावेत, निम्म्याहून अधिक टाकी संपल्यावर त्याच पंपावर पुन्हा तशीच भरावी आणि गेलेल्या किलोमीटरना दुसऱ्या वेळी भरलेल्या लिटरने भागावे. अशा काही टाक्यांची सरासरी घेतल्याशिवाय मेकॅनिककडे तक्रार नेऊ नये, आणि टायरांतील हवा त्यापूर्वी तपासून घ्यावी.