माझी आई परिचारिका होती. तिच्याविषयी बोलायचं आहे, पण 'प्रेमळ' आणि 'सेवाभावी' यांपलीकडे काही सुचत नाही. काय लिहू?

तुम्ही लिहिलंय की आई मागच्या महिन्यात गेल्या, घरची माणसं आणि त्यांच्यासोबत काम केलेल्या सिस्टर त्यांच्या आठवणीसाठी जमणार आहेत, आणि बोलायचं तुम्हाला आहे. माझी आईही परिचारिका होती. ३४ वर्षं वॉर्डात काढली तिने. ती गेली तेव्हा मीही असाच कागद पुढ्यात घेऊन बसले होते. पहिल्यांदा जे लिहिलं ते कुठल्याही भल्या बाईबद्दल चाललं असतं. त्यात माझी आई कुठेच नव्हती, म्हणून तो कागद फाडला.

दुसऱ्या कागदावर पहिलं वाक्य लिहिलं: आई मोजायची.

नाडी मोजायची, ताप मोजायची, सलाइनचे थेंब मोजायची. मला त्रैराशिक शाळेत कधी कळलं नाही, ते तिने सलाइनवर शिकवलं. नेहमीच्या नळीतून २० थेंब पडले की १ मिलिलिटर होतं. ५०० मिलिलिटरची बाटली ८ तासांत संपवायची, तर मिनिटाला किती थेंब? उत्तर येतं साधारण २१. मी २१ म्हटलं की ती विचारायची, "आणि रुग्ण म्हातारा असेल, हृदय थकलेलं असेल, तर एवढ्या वेगाने सोडशील?" गणित सुटल्यावरही माणूस उरतो, हे मला तेव्हा कळलं.

नाडी नियमित असेल तर ३० सेकंद मोजून दुप्पट करतात. एखादा ठोका चुकतोय असं वाटलं तर पूर्ण मिनिट. पण श्वास मोजतोय हे रुग्णाला कळू द्यायचं नसतं, कारण कळलं की माणूस सावध होतो आणि श्वासाची लय बदलते. म्हणून नाडी मोजून झाली तरी मनगट सोडायचं नाही. बोटं तिथेच ठेवायची आणि नजर छातीवर न्यायची. रुग्णाला वाटतं, सिस्टर अजून नाडीच बघतायत. माझ्या मुलीला लहानपणी वारंवार छातीत कफ व्हायचा. आजी तिच्याजवळ बसायची, मनगट हातात घ्यायची आणि बराच वेळ सोडायचीच नाही. मुलगी मोठी झाल्यावर म्हणाली, "आजी किती वेळ माझा हात धरून बसायची ना!" आजी श्वास मोजत होती, हे मी तिला तेव्हा सांगितलं. मुलगी थोडा वेळ गप्प राहिली, मग म्हणाली, "म्हणजे दोन्ही."

हे 'दोन्ही' तुमच्या आईत शोधा, असं मला मनापासून सांगायचंय.

फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांचा जन्म १२ मे १८२० चा. परिचारिका दिन त्याच तारखेला असतो, आणि दरवर्षी त्या दिवशी हातात दिवा घेतलेलं त्यांचं चित्र सगळीकडे दिसतं. दिवा खराच होता. पण क्रिमियन युद्धातून परतल्यावर त्यांनी मृत्यूंच्या नोंदी महिन्यांप्रमाणे मांडल्या, त्यांच्या आकृत्या काढल्या आणि दाखवून दिलं की सैनिक जखमांपेक्षा टाळता येण्याजोग्या रोगांनी कितीतरी जास्त मेले. इंग्लंडच्या सांख्यिकी संस्थेच्या त्या पहिल्या महिला सदस्य झाल्या. लोकांनी दिवा लक्षात ठेवला आणि वही विसरली. आपल्या आयांचंही तेच होतं. त्यांची माया सगळ्यांना आठवते, पण त्या मायेमागचं लक्ष आणि कसब कुणी सांगत नाही. माझ्या आईला 'त्यागमूर्ती' हा शब्द अजिबात आवडायचा नाही. "मी काम शिकलेय," म्हणायची.

औषधाच्या बाटलीवरची चिठ्ठी ती तीनदा वाचायची: फळीवरून काढताना, ओतण्याआधी आणि परत ठेवताना. घरी नातीला खोकल्याचं औषध द्यायचं असलं, तरीही तीनदाच. योग्य रुग्ण, योग्य औषध, योग्य मात्रा, योग्य मार्ग, योग्य वेळ, हे पाचही पुटपुटायची. नात हसायची, "आजी, इथे रुग्ण मी एकटीच आहे!" आजी थांबायची नाही. चादरीवर एक चुणी राहिलेली तिला चालायची नाही. ही टापटिपीची हौस आहे असं आम्हाला वाटायचं. अंथरुणाला खिळलेल्या माणसाच्या त्वचेवर एकाच जागी दाब राहिला की जखम होते, चादरीची घडी त्यात भर घालते आणि म्हणून दर दोन तासांनी कूस बदलून द्यावी लागते, हे मला फार उशिरा समजलं. वडील शेवटचे काही महिने अंथरुणावर होते. त्यांच्या पाठीवर एक व्रण पडला नाही. हे मी त्या दिवशी सगळ्यांसमोर सांगितलं. समोर बसलेल्या सिस्टरना त्याचा अर्थ बरोबर कळला.

एक अवघड गोष्टही लिहा. मी सुरुवातीला ती गाळली होती. मला १०३ ताप होता त्या रात्री आईची नाइट होती. ती गेली. दाराशी वडिलांना सांगून गेली, "साडेआठला गोळी दिली आहे, आता साडेबाराशिवाय देऊ नका, पाणी घोटघोट पाजत राहा, लघवी झाली की वेळ लिहून ठेवा." मी अंथरुणातून ऐकत होते आणि मला तिचा खूप राग आला होता. मला ती हवी होती, आणि ती दुसऱ्या कुणाच्या तरी उशाशी निघाली होती. तो राग बरीच वर्षं राहिला. वॉर्डात पाळी बदलताना आधीची सिस्टर नंतरच्या सिस्टरला एकेका रुग्णाचं सगळं सांगते, त्याला त्या 'ओव्हर देणं' म्हणतात. आई त्या रात्री माझी ओव्हर देत होती, हे मला स्वतः आई झाल्यावर उमगलं. सकाळी परत आल्यावर तिने साडीही न बदलता आधी वडिलांचा कागद वाचला आणि मग माझ्या कपाळावर हात ठेवला. तुमच्याही मनात असा राग असेल तर लपवू नका. त्याच्याशिवाय आईचं चित्र खोटं होतं.

काय लिहायचं ते सुचत नसेल तर तिची हत्यारं आठवा. काचेची सिरिंज उकळायच्या दिवसांत त्या शिकल्या असतील, तर तो वास त्यांच्या बोलण्यात कधीतरी आला असेल. थर्मामीटर झटकायची त्यांची पद्धत, हात धुताना त्या अंगठा आणि बोटांच्या बेचक्या कशा चोळायच्या, नातवंडांना तेच कसं करायला लावायच्या. पुरस्कार, बढत्या, तारखा एका ओळीत आटपा.

शेवटच्या रात्री आईचा श्वास बदलला. हळूहळू खोल व्हायचा, मग उथळ, मग थांबायचा आणि पुन्हा सुरू व्हायचा. याला काय म्हणतात आणि याचा अर्थ काय, हे तिनेच मला कधीतरी सांगितलं होतं, म्हणून मी घाबरले नाही. माझी मुलगी तिच्या उशाशी बसली होती, आजीच्या मनगटावर बोटं ठेवून, नजर छातीवर. मी वडिलांसारखा कागद घेतला. मुलगी आकडा सांगायची, मी वेळ टाकून लिहायचे. "लिहिलं नाही म्हणजे केलं नाही," हे आईचं नेहमीचं वाक्य होतं. पहाटेपर्यंत अकरा ओळी झाल्या.

मी त्या सभेत शेवटी तो कागद वाचला, फक्त वेळा आणि आकडे. तिच्याबरोबरची एक वयस्कर सिस्टर उठून जवळ आली, माझा हात धरला आणि म्हणाली, "ओव्हर मिळाली."

तुमच्या आईबरोबर काम केलेल्या कुणाचा नंबर असेल तर आजच फोन करा आणि विचारा, त्या ओव्हर कशी द्यायच्या.