पाणी वाहायला लागलं कधी?

न्यू जर्सीतल्या एडिसनहून एका वाचकाने लिहिलं आहे. डिसेंबरात सहा आठवड्यांसाठी ते पुण्याला गेले. जाताना थर्मोस्टॅट ५० फॅरनहाइटवर, म्हणजे १० सेल्सिअसवर ठेवला. पाण्याचा मेन वॉल्व उघडाच राहिला. जानेवारीच्या थंडीत फर्नेस, म्हणजे घर तापवणारी भट्टी, बंद पडली, वरच्या बाथरूमचा पाइप फुटला आणि खालच्या हॉलचं सीलिंग कोसळलं. इन्शुरन्स कंपनीने क्लेम नाकारला. अशी पत्रं दर हिवाळ्यानंतर येतात, त्यामुळे पाइप का गोठतो आणि कंपन्या कशा वागतात यात शिरत नाही.

पत्रातला निम्मा मजकूर फर्नेसच्या मेकॅनिकबद्दल आहे. ज्यावर सगळं ठरणार ते मात्र तुम्ही जाता जाता एका ओळीत उरकलं आहे: शनिवारी सकाळी फोनवर घरातलं तापमान उतरल्याचा अलर्ट आला, पण घरी भाचीचं लग्न होतं, म्हणून शेजाऱ्यांना फोन केला तो सोमवारी.

आता पॉलिसी काढा. घराच्या नेहमीच्या पॉलिसीत गोठण्यामुळे झालेलं नुकसान वगळलेलं असतं, पण त्याला अपवाद असतो. घर उबदार ठेवण्याची वाजवी काळजी घेतली असेल, किंवा पाणी बंद करून सगळ्या पाइपांतलं आणि उपकरणांतलं पाणी काढून टाकण्याची वाजवी काळजी घेतली असेल, तर ते वगळणं लागू होत नाही. दोन्हींपैकी एक पुरे. दुसरी वाट तुम्ही स्वतःच बंद केलीत. फार मोठं काम नव्हतं, ते का केलं नाही हे मला कळत नाही. उरली पहिली.

तिथे तुम्ही समजता तितकी वाईट परिस्थिती नाही. कलम काळजी मागतं, घर उबदार राहिलंच पाहिजे असं म्हणत नाही. फर्नेस चालू स्थितीत सोडली होती, तिची सर्व्हिसिंग झाली होती, गॅसचं बिल ती जळत असल्याचं दाखवतं, तर ती मध्येच बंद पडणं हा तुमचा निष्काळजीपणा नव्हे. ५० अंशांवरून कंपनी भांडेल, कारण इथे सगळे ५५ सांगतात. पॉलिसीला जोडलेल्या एखाद्या पुरवणीत ५५ हा आकडाच छापलेला असेल तर हा मुद्दा जवळपास गेला. आकडा नसेल तर वाद घालता येतो, निकाल काय लागेल ते सांगता येत नाही.

पण शनिवार ते सोमवार? अलर्ट आला तेव्हा पुण्यात सकाळ होती आणि एडिसनमध्ये शुक्रवारची रात्र. किल्ली शेजाऱ्यांकडे होती. एक फोन. कंपनीचा वकील तुम्हाला शपथेवर पहिला प्रश्न हाच विचारेल, आणि लग्नाचं कारण त्याच्यापुढे टिकणार नाही. म्हणून मला फर्नेसपेक्षा पाण्याच्या मीटरमध्ये रस आहे. तुमचा मीटर तासागणिक नोंद ठेवणारा असेल तर पाणीपुरवठा कंपनीकडून त्या तीन दिवसांची नोंद आजच लेखी मागा. थर्मोस्टॅटचा इतिहासही अ‍ॅपमधून उतरवून घ्या, तो कायम साठवलेला राहील असं धरू नका. पाणी अलर्टच्या आधी किंवा लगेच वाहू लागलं असेल, तर तुमच्या उशिराने फार तर नुकसान वाढलं, आणि भांडण वाढीव रकमेपुरतं ठेवता येईल. रविवारी दुपारी वाहू लागलं असेल, तर वेळेत फोन केला असता तर काहीच झालं नसतं असं ते म्हणतील, आणि त्याला माझ्याकडे चांगलं उत्तर नाही. एक गुंता आहे: बर्फ आणि बंद नळ यांच्यामध्ये अडकलेल्या पाण्याच्या दाबाने पाइप आधी फाटतो, धार लागते बर्फ वितळल्यावर. मीटर धार सांगेल, फाटण्याची वेळ नाही. म्हणून फुटलेला तुकडाही प्लंबरकडून घेऊन जपून ठेवा. फेकला असेल तर फोटो तरी शोधा.

शेजारी रोज घरात डोकावत होते असं पत्र त्यांच्याकडून घेऊ का, असं विचारता. नाही. ते खरं नाही हे तुमच्याच पत्रातून दिसतं. खोट्या कागदाने पॉलिसीच रद्द होऊ शकते, आणि न्यू जर्सीत इन्शुरन्समधल्या लबाडीविरुद्ध १९८३ पासून स्वतंत्र कायदा आहे.

कंपनीविरुद्ध कोर्टात दावा लावण्याची मुदत पॉलिसीत पाहा. एक वर्ष असेल, दोन असतील. न्यू जर्सीच्या सर्वोच्च न्यायालयाच्या १९७० च्या निकालामुळे तुम्ही नुकसान कळवल्यापासून कंपनी स्पष्ट नकार देईपर्यंतचा काळ सहसा मोजला जात नाही. नकाराचं पत्र आलं की थांबलेली मोजणी तिथून पुढे सुरू. त्यानंतर तुम्ही ‘फेरविचार करावा’ म्हणून ईमेल पाठवत बसला आहात, त्याने ती थांबते असं समजू नका. कोर्ट पुढे कितीही रेंगाळो, दाखल करायला तुम्ही एक दिवस उशीर केलात तर तेच कोर्ट तो दिवस अचूक मोजतं.

कंपनीच्या बदनियतीबद्दल वेगळी भरपाई मागायची इच्छा सोडा. नकाराला वादापुरता जरी आधार असला तरी ती मिळत नाही, हे १९९३ पासून ठरलेलं आहे, आणि आधार तुम्हीच सोमवारपर्यंत थांबून दिलात.

यंदा डिसेंबरात भारतात निघणाऱ्यांनी मेन वॉल्व बंद करून वरखालचे नळ उघडावेत, टाक्या फ्लश कराव्यात आणि फोटो काढून ठेवावेत. नुसता वॉल्व फिरवून कलमाचं समाधान होत नाही, पाणी काढावं लागतं. हीटिंग तरीही ५५ वर चालू ठेवा. गरम पाण्याच्या रेडिएटरवर घर तापत असेल किंवा आगीचे स्प्रिंकलर असतील, तर पाणी तोडण्याआधी प्लंबरला विचारा. आणि तो अलर्ट शेजाऱ्यांच्या फोनवरही जाईल असं करा.