ऐंशीला ऐंशी जुळले, तरी पिल्लू वांझ का?

प्रश्न : मॅडम, आमची गुहागरजवळ वाडी आहे. परड्यात गावठी बदकं आहेत आणि एक मस्कवी नर आहे, तोंडावर लाल मस्से असलेला. गावठी माद्यांना त्याच्यापासून पिल्लं झाली. अंगाने दणकट आहेत, पण त्यांची पुढे पैदास नाही. मुलाला क्लासमध्ये सांगितलं, की घोड्याची गुणसूत्रं ६४, गाढवाची ६२, म्हणून खेचर वांझ. पण या दोन्ही बदकांची गुणसूत्रं ८०च आहेत म्हणे. मग ही का वांझ? आणि डीएनएमधला पुष्कळसा भाग तेच तेच लिहिलेला, निरुपयोगी असतो, हे खरं का?
– एक वाचक, गुहागर

उत्तर : तुमच्या मुलाने नेमक्या जागी बोट ठेवलं आहे. त्याला माझी शाबासकी सांगा.

आधी तो आकडा बाजूला ठेवू या. आपल्या पाळीव घोड्याची गुणसूत्रं ६४ आणि मंगोलियातल्या प्रझेवाल्स्की रानघोड्याची ६६. त्यांच्या शिंगराची ६५ होतात, तरी त्याला पुढे संतती होते. पाळीव हंसांचे दोन मूळ वंश आहेत, एक युरोपकडचा आणि एक चीनकडचा. दोन्हींची गुणसूत्रं ८० आणि त्यांचा संकरही फळतो. तुमच्याकडे मात्र ८० आणि ८० असूनही गाडी अडली. म्हणजे आकडा जुळणं किंवा न जुळणं एवढ्यावर हे ठरत नाही.

हे मला पुस्तकातून कळलं नाही, काचपट्टीवर कळलं. एम. एस्सी. नंतर दोन वर्षं मी बदकांच्या गर्भपेशींतली गुणसूत्रं मोजत होते. कोल्चिसीन देऊन पेशींचं विभाजन मध्येच थांबवायचं, पातळ क्षारद्रावणात पेशी फुगवायच्या, मिथेनॉल आणि अॅसिटिक आम्लात पक्क्या करायच्या आणि थंड ओल्या काचेवर हातभर उंचीवरून थेंब टाकायचा. थेंब पडला की पेशी फुटून गुणसूत्रं पसरतात. मग जिम्सा रंग. सूक्ष्मदर्शकात आठ-दहा जोड्या ठसठशीत दिसायच्या आणि बाकी तीसेक जोड्या म्हणजे सांडलेली खसखस. पहिल्या आठवड्यात एका पेशीत ७४ भरली, दुसरीत ७७. ८० पूर्ण मोजता आली तेव्हा मी तो कागद जपून ठेवला, अजून आहे.

या खसखशीला सूक्ष्मगुणसूत्रं म्हणतात. आकाराने चिमुकली, पण जनुकांनी खच्चून भरलेली. पक्ष्यांचा हा संच फार जुना आहे आणि फारसा ढळलेला नाही. बदक आणि कोंबडी यांच्या वाटा सात-आठ कोटी वर्षांपूर्वी वेगळ्या झाल्या, तरी कोंबडीची गुणसूत्रं ७८ आणि बदकाची ८०. हा दोनचा फरक आला कुठून, तर कोंबडीचं चौथं गुणसूत्र हे दोन जुनी गुणसूत्रं जोडून झालेलं आहे. बदकात ती दोन्ही अजून सुटी आहेत. या बाबतीत बदकाने जुनं घर जास्त सांभाळलं.

आता तुमचा दुसरा प्रश्न, कारण पहिल्याच्या उत्तराचा एक धागा त्यातच आहे. प्रत्येक गुणसूत्राला एक कंबर असते, तिला गुणसूत्रबिंदू म्हणतात. पेशी दुभंगताना धागे तिथेच धरून गुणसूत्र ओढलं जातं. या कमरेपाशी बहुधा डीएनएच्या अक्षरांची एकच छोटी ओळ हजारो वेळा एकापुढे एक लिहिलेली सापडते, भजनातल्या ध्रुवपदासारखी. कोंबडीच्या बहुतेक सूक्ष्मगुणसूत्रांत ४१-४२ अक्षरांची अशी एक ओळ आहे. बदकं आणि हंस यांच्या कमरेतल्या ओळी निराळ्या आहेत. जनुकं कोट्यवधी वर्षं जवळजवळ तशीच राहतात, पण या ओळी भराभर बदलतात. एखाद्या वंशात वाढतात, एखाद्यात आटतात, कधी एका गुणसूत्रावरून दुसऱ्यावर पसरतात.

म्हणून त्या निरुपयोगी आहेत का? १९७२ मध्ये जनुकशास्त्रज्ञ सुसुमु ओहनो यांनी अशा भागाला ‘जंक’ म्हटलं आणि तो शब्द चिकटला तो चिकटलाच. मला तो शब्द आवडत नाही. पण या ओळींशिवाय पेशीचं चालतच नाही, असंही छातीठोक म्हणता येत नाही. कोंबडीच्या ५व्या, २७व्या आणि झेड या गुणसूत्रांच्या कमरेत अशी पुनरावृत्ती नाहीच, तरी ती व्यवस्थित विभागली जातात.

पण या ओळी संकरात अडसर होऊ शकतात, याचा पक्का दाखला फळमाशीत आहे. एका जातीच्या नराचा दुसऱ्या, जवळच्या जातीच्या मादीशी संकर केला, तर मुली गर्भातच मरतात. बापाकडून आलेल्या एक्स गुणसूत्रावर ३५९ अक्षरांची एक ओळ प्रचंड संख्येने असते. आईच्या अंड्यातल्या यंत्रणेला ती अनोळखी, त्यामुळे विभाजनाच्या वेळी ते गुणसूत्र नीट सुटत नाही, ताणलं जातं. २००९ मध्ये हे दाखवलं गेलं.

तुमच्या बदकांत पिल्लू जगतं, वाढतं, कारण रोजच्या पेशीविभाजनात आईच्या आणि बापाच्या गुणसूत्रांना एकमेकांशी जुळावं लागत नाही. बीजपेशी तयार होताना मात्र त्यांना शेजारी येऊन टोकापासून टोकापर्यंत जुळावं लागतं. गावठी बदक मॅलार्ड या रानबदकाच्या वंशातलं, मस्कवी दक्षिण आणि मध्य अमेरिकेतलं. दोघांची कुळं इतका काळ वेगळी राहिली आहेत, की आकडा तोच असूनही मजकूर पुरेसा जुळत नाही आणि नराचे शुक्राणू नीट तयारच होत नाहीत. सगळा दोष त्या ओळींच्या माथी मारू नका. जनुकांमधले फरकही यात आहेत.

अंड्यांबद्दल एक सांगते. गावठी अंडं सुमारे २८ दिवसांत फुटतं, मस्कवीचं ३५. संकराचं या दोन्हींच्या मध्ये, म्हणून २८व्या दिवशी घाईने अंडी टाकून देऊ नका. आणि गावठी वंश पुढे चालवायचा असेल, तर चार माद्या वेगळ्या कोंडून त्यांच्यात गावठीच नर सोडा.

प्रश्न : नांदूर मधमेश्वरला हिवाळ्यात पट्टकादंब येतात. नर-मादी अगदी सारखे दिसतात. मग अभ्यासक त्यांना ओळखतात कसे?
– एक शिक्षिका, निफाड

उत्तर : पक्ष्यांत लिंग ठरवणारी गुणसूत्रं मादीकडे झेड आणि डब्ल्यू, तर नराकडे दोन झेड. सीएचडी१ नावाचं जनुक दोन्हींवर असतं, पण त्यातल्या एका तुकड्याची लांबी झेडवर वेगळी आणि डब्ल्यूवर वेगळी. पिसाच्या मुळाशी असलेल्या पेशी किंवा रक्ताचा थेंब पुरतो. तपासणीत दोन पट्टे उमटले तर मादी, एकच उमटला तर नर.

हे डब्ल्यू गुणसूत्र पुनरावृत्त ओळींनी गच्च भरलेलं असतं. बेरियम हायड्रॉक्साइड आणि गरम क्षारद्रावणातून काढून रंगवलं, की बाकी गुणसूत्रांची फक्त कंबर गडद होते आणि डब्ल्यू जवळजवळ अख्खं काळं दिसतं. मी पहिल्यांदा ते पाहिलं तेव्हा शेजारच्या टेबलावरच्या मैत्रिणीला ओढून आणून दाखवलं होतं. सापांतही मादीच झेड-डब्ल्यू असते, पण ती जोडी पक्ष्यांहून स्वतंत्रपणे घडलेली आहे. जनुकशास्त्रज्ञ लालजी सिंग यांनी पट्टेरी मण्याराच्या मादीत अशाच पुनरावृत्त ओळी शोधल्या आणि पुढे हैदराबादला त्यांतूनच भारतातलं डीएनए ठसे तपासण्याचं तंत्र उभं केलं. विद्यार्थ्यांना पट्टकादंब दाखवायला न्याल, तेव्हा हेही सांगा.