नोकरी सोडून उद्यानविद्या शिकू का?

प्रश्न : ताई, बेळगावच्या उद्यमबागेतल्या एका कारखान्यात मी चौदा वर्षं हिशेब सांभाळतोय. वय 38. खानापूरजवळ आमची दोन एकर तांबडी जमीन आहे. तिथं काजूची रोपवाटिका काढायची, भीमगडच्या जंगलातली झाडंही वाढवायची, असं मनात आहे. शिक्षण बी.कॉम. नोकरी सोडून उद्यानविद्येच्या पदवीला बसू का? घरचे म्हणतात, ‘या वयात शाळा?’

उत्तर : भाऊ, वयाचं मनावर घेऊ नका. मी एक्केचाळीसाव्या वर्षी पतसंस्थेतली कारकुनी सोडून कलमं बांधायला बसले. पण राजीनामा मात्र आत्ता देऊ नका. गोकाकजवळ अरभावीला उद्यानविद्या महाविद्यालय आहे, पण ती पदवी चार वर्षांची, पूर्ण वेळ, आणि तिला बारावी सायन्स लागतं. नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाची फळबागेची पदविका मराठीतून होते. तिच्या अभ्यासकेंद्राची चंदगड-गडहिंग्लजकडे चौकशी करा. बैलहोंगल तालुक्यात मत्तिकोपला कृषी विज्ञान केंद्र आहे, तिथल्या प्रशिक्षणांवरही लक्ष ठेवा. कन्नड येत असेल तर उत्तमच, नसेल तर आत्तापासून बोलायला लागा. उद्या रोपं न्यायला येणारं निम्मं गिऱ्हाईक कन्नड बोलणारंच असेल.

आधी हात तयार करा. येत्या पावसाळ्यात सुट्टीच्या दिवशी एखाद्या रोपवाटिकेत जाऊन बसा. काजूचा दीड-दोन महिन्यांचा खुंट, म्हणजे बियांपासून वाढवलेलं रोप, वरून छाटायचा, मधोमध चीर द्यायची, कलमकाडीला, म्हणजे चांगल्या झाडाच्या कापून आणलेल्या काडीला, दोन्ही बाजूंनी पाचरीसारखा तास द्यायचा, चिरेत बसवून प्लास्टिकच्या पट्टीनं घट्ट बांधायचं. एका बाजूची तरी साल सालीला भिडलीच पाहिजे. काडी आणायच्या आठ-दहा दिवस आधी झाडावरच तिची पानं देठ ठेवून कापतात, म्हणजे डोळा फुगतो. माझ्या पहिल्या शंभर कलमांतली एकोणीसच जगली. काड्या मी उन्हातून कापडी पिशवीत आणल्या होत्या, त्या वाटेतच सुकल्या. ओल्या गोणपाटात गुंडाळायच्या असतात हे त्या दिवशी कळलं. त्या रात्री मी रडले होते.

जंगली झाडांचं मला फार आवडलं. जांभळाचं बी मात्र साठवू नका, थोड्याच दिवसांत ते मरतं; गर धुऊन लगेच पेरा. आणि भीमगड अभयारण्य आहे, तिथून परवानगीशिवाय बी उचलणं गुन्हा आहे. बांधावरच्या, घरच्या परड्यातल्या झाडांखाली वेचा.

दोनशे कलमं स्वतः बांधून जगवलीत की मला परत लिहा. राजीनाम्याचं तेव्हा बोलू.