जुन्या लॅपटॉपवर लिनक्स, पण वायफाय गायब

प्रश्न : दहा वर्षांपूर्वीच्या लॅपटॉपवर लिनक्स मिंट (विंडोजऐवजी वापरता येणारी मोफत ऑपरेटिंग सिस्टीम) टाकलं. आवाज, टचपॅड ठीक आहे, पण वायफायची यादीच येत नाही. कार्ड बिघडलं का? – एक वाचक, चाळीसगाव

उत्तर : बहुधा नाही. आधी टर्मिनलमध्ये (आज्ञा टाइप करण्याच्या खिडकीत) ‘एलएसपीसीआय’ ही आज्ञा इंग्रजी छोट्या अक्षरांत देऊन नेटवर्कची ओळ वाचा. तिथे ब्रॉडकॉम ४३१४२ असं काही दिसलं, तर दोष कार्डाचा नसून ड्रायव्हरचा, म्हणजे ते कार्ड चालवणाऱ्या सॉफ्टवेअरचा. या चिपचा ड्रायव्हर बंदिस्त (कंपनीने कोड खुला न केलेला) आहे, म्हणून तो आपोआप सुरू होत नाही.

मोबाईल यूएसबी केबलने लॅपटॉपला जोडा आणि मोबाईलवर ‘यूएसबी टेदरिंग’ चालू करा. (हॉटस्पॉट नको, त्यालाही वायफायच लागतं!) मग मेन्यूतल्या ‘ड्रायव्हर मॅनेजर’मध्ये ब्रॉडकॉमचा पर्याय निवडून लॅपटॉप रीस्टार्ट करा. सिक्युअर बूट (सुरू होताना सही नसलेलं सॉफ्टवेअर रोखणारी सोय) चालू असेल, तर इन्स्टॉल करताना पासवर्ड ठरवायला सांगतात. रीस्टार्टनंतरच्या निळ्या पडद्यावर ‘एनरोल एमओके’ निवडून तोच पासवर्ड द्यायचा. घाईत अनेक जण इथे ‘कंटिन्यू’ दाबतात आणि ड्रायव्हर असूनही वायफाय बंदच राहतं. सिक्युअर बूट बायोसमधून (लॅपटॉप सुरू होतानाच्या सेटिंग्जमधून) बंद केलं तरी चालतं.

एवढ्यानेही जमलं नाही, तर अथेरॉस एआर ९२७१ चिपचा यूएसबी डोंगल (यूएसबीला लावायचं छोटं वायफाय उपकरण) घ्या. वेगळा ड्रायव्हर लागत नाही. मात्र तो फक्त २.४ गिगाहर्ट्झच्या वायफायवर चालतो, ५ गिगाहर्ट्झच्या नाही. जळगाव-धुळ्याच्या दुकानात मागताना कंपनी नव्हे, चिप विचारा. एकाच मॉडेलमध्येही चिप बदललेली असते.

पुढच्या वेळी इन्स्टॉल करण्याआधी पेनड्राइव्हवरूनच मिंट चालवून वायफाय तपासा.